पडद्यावर मोलकरीण, कोर्टात घरमालकीण

सिनेमाच्या दुनियेत ऑस्कर हा सर्वात मोठा मान समजला जातो. अभिनयासाठी हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती कोण, असे विचारले तर पुष्कळ जण सिडने पॉइटिए या नटाचे नाव घेतात. परंतु पॉइटिएला हे पारितोषिक १९६४ साली मिळाले. त्याच्या चोवीस वर्षे आधी एका काळ्या बाईने ते घेतले होते. तिचे नाव हॅटी मॅकडॅनियल.

आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, स्वतः लोकांच्या घरी घरकाम केलेले आणि पडद्यावरही सत्तरहून अधिक वेळा मोलकरीणच व्हावे लागलेले, अशी ही बाई. हयातीत तिला तिच्याच समाजातील पुढाऱ्यांनी बोल लावला. मेल्यावर तिला हवी त्या ठिकाणी माती मिळाली नाही. तरीसुद्धा तिने एक लढाई जिंकली. ती लढाई सिनेमातील नव्हती, राहत्या घराची होती. तिच्या ऑस्करची गोष्ट थोडीफार सांगितली जाते, घराची मात्र फारच कमी. म्हणून आज आम्ही वाचकांना दोन्ही सांगणार आहोत.

जखमी सैनिकाची मुलगी

हॅटीचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा या गावी झाला. तेरा भावंडांत ती सर्वात धाकटी. वडील हेन्री हे व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते उत्तरेच्या फौजेतील कृष्णवर्णीय पलटणीत भरती झाले आणि गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध लढले. युद्धात त्यांना जखमा झाल्या. पुढे अंगमेहनत झेपेना. सैनिक म्हणून जे पेन्शन मिळायला हवे होते त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. ज्यांनी सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको. आई सुझन लोकांच्या घरी कामे करी आणि चर्चमध्ये भजने गाई.

पुढे हे कुटुंब कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात आले. तिथल्या शाळेत काळी-गोरी मुले एकत्र बसत. १९१० साली एका वक्तृत्व स्पर्धेत कविता म्हणून हॅटीने सुवर्णपदक मिळवले. रंगमंच हेच आपले क्षेत्र हे तिने तिथेच ठरवले. तिचे भाऊ सॅम आणि ओटिस आणि बहीण एटा हेही नाटक-गाण्यात होते. १९१४ च्या सुमारास हॅटी आणि एटा यांनी फक्त बायकांची एक नाटकमंडळी उभी केली. गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्यांची टिंगल करीत, त्या खेळाचा हॅटीने उलटा वापर केला आणि त्यातून गोऱ्यांच्या समजुतींचीच थट्टा केली, असे अभ्यासक सांगतात. १९२० नंतर ती डेन्व्हरमधील जॉर्ज मॉरिसन यांच्या वाद्यवृंदात गाऊ लागली. अमेरिकेत रेडिओवर गाणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तिची गणना होते. तिच्या आवाजाच्या तबकड्याही निघाल्या.

मग १९२९ साल उजाडले. शेअर बाजार कोसळला, जगभर मंदी आली, नाटकमंडळ्या बंद पडल्या. हॅटी मिलवॉकी शहरात अडकली. तिथल्या एका क्लबात तिला काम मिळाले ते बायकांच्या स्वच्छतागृहात टॉवेल देण्याचे. क्लबचे गिऱ्हाईक गोरे, कलावंतही गोरे. एके रात्री ठरलेले कलावंत निघून गेल्यावर मालकाने कोणी गाणार का असे विचारले. टॉवेल बाजूला ठेवून हॅटी उभी राहिली आणि गायली. त्यानंतर तिचे काम बदलले.

१९३१ साली ती लॉस एंजेलिसला भावाबहिणींकडे गेली. सॅमच्या ओळखीने रेडिओवर एका तोंडाळ मोलकरणीचे पात्र मिळाले. कार्यक्रम लोकांना आवडला, पण पगार इतका कमी की रेडिओवर मोलकरीण होऊन झाल्यावर ती खरोखरच दुसऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून जात असे. सिनेमात सुरुवातीला नाव नसलेल्या लहान भूमिका मिळाल्या. १९३४ च्या 'जज प्रीस्ट' या चित्रपटात विल रॉजर्स या त्या काळच्या लोकप्रिय नटाबरोबर ती गायली आणि तिचे नाव होऊ लागले. १९३५ चा 'ॲलिस ॲडम्स', १९३६ चा 'शो बोट' असे चित्रपट आले. भूमिका मात्र एकच: हातात ट्रे, डोक्याला फडके आणि तोंडात 'येस मॅडम'.

नाव नसलेली बाई

मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' ही कादंबरी १९३६ साली आली आणि तुफान खपली. तिच्यावर निघणाऱ्या चित्रपटातील दाईच्या भूमिकेसाठी चढाओढ लागली. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या घरी काम करणाऱ्या बाईसाठी निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्याकडे शब्द टाकला होता. भूमिका मिळाली हॅटीला.

या पात्राला सगळे 'मॅमी' म्हणतात. जवळजवळ चार तासांच्या चित्रपटात तिला स्वतःचे नाव नाही. नवरा नाही, मूल नाही, स्वतःचे घर नाही. तिचे सारे सुखदुःख मालकाच्या घराशी बांधलेले. गुलामगिरीत माणसे कशी आनंदाने नांदत होती हे खोटे चित्र या सिनेमाने जगभर पोहोचवले. ज्या दक्षिणेच्या पराभवावर हा चित्रपट अश्रू ढाळतो, तिच्याविरुद्ध हॅटीच्या बापाने रक्त सांडले होते. केवढा हा विरोधाभास!

तेव्हाही याविरुद्ध आवाज उठला होता. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणारी एन.ए.ए.सी.पी. ही संघटना आणि काळ्यांची वृत्तपत्रे यांनी दबाव आणला, त्यामुळे कादंबरीत पानोपानी असलेली 'निगर' ही शिवी पटकथेतून काढावी लागली. आणि जे काम हाती आले त्यात हॅटीने जीव ओतला. तिची मॅमी मान खाली घालून बोलत नाही. ती मालकिणीला दरडावते, तिचे ढोंग ओळखते, डोळे वटारून तिला गप्प करते. लेखकाने जे माणूसपण दिले नव्हते ते हॅटीने आपल्या अंगच्या गुणाने त्या पात्रात घातले.

१५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. गोरे तारेतारका थाटात आले. हॅटी मात्र गेली नाही, कारण जॉर्जिया राज्यात काळ्यांना गोऱ्यांबरोबर थिएटरात बसता येत नव्हते. दक्षिणेत वाटल्या गेलेल्या कार्यक्रमपत्रिकेतून तिचे छायाचित्रही काढण्यात आले. नायक क्लार्क गेबल याने आपणही जाणार नाही असे म्हटले होते, पण हॅटीनेच त्याची समजूत घातली असे सांगतात. आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पहिल्या खेळाच्या आदल्या रात्री गोऱ्या पाहुण्यांसाठी मेजवानी होती. तिथे गुलामांचे कपडे घालून गाण्यासाठी काळ्यांच्या एका चर्चमधील गायकमंडळ आणले होते. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग!

भिंतीलगतचे टेबल

२९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसेडर हॉटेलात ऑस्करचा समारंभ होता. या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. हॅटीला आत घेण्यासाठी निर्मात्याला रदबदली करावी लागली. प्रवेश मिळाला, पण चित्रपटातील इतर कलावंतांच्या टेबलाशी जागा नव्हती. दूर भिंतीलगत एक लहान टेबल मांडले होते. तिथे हॅटी, तिच्याबरोबर आलेला एक गृहस्थ आणि तिचा गोरा एजंट एवढेच बसले. वेगळे टेबल म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या टेबलापासून ती उठली ती सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक घ्यायला. स्पर्धेत त्याच चित्रपटातील गोरी नटी ऑलिव्हिया डी हॅविलंडही होती. केसांत पांढरी फुले माळलेल्या हॅटीने थोडक्यात आभार मानले आणि आपल्या वंशाला व चित्रपट व्यवसायाला भूषण ठरेन अशी आशा बोलून दाखवली. तिचा गळा दाटून आला होता. भाषण संपवून ती पुन्हा त्याच भिंतीलगतच्या टेबलाकडे गेली. सहाय्यक कलावंतांना त्या काळी पुतळा मिळत नसे, एक छोटी पाटी मिळे. तशी पाटी तिला मिळाली.

अभिनयाचे ऑस्कर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला मिळायला १९९१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी व्हूपी गोल्डबर्गला 'घोस्ट' या चित्रपटासाठी ते मिळाले. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली. दार उघडले आणि पुन्हा बंद झाले, असेच म्हणावे लागेल.

पोट आणि प्रतिमा

ऑस्करनंतर हॅटीला मोठ्या भूमिका मिळाल्या का? नाही. पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा ट्रे. १९४२ साली एन.ए.ए.सी.पी. चे नेते वॉल्टर व्हाइट हॉलिवूडमध्ये आले. काळ्यांना नेहमी नोकर, विदूषक आणि भित्रे दाखवू नका, डॉक्टर, वकील, शिक्षक दाखवा, अशी त्यांनी स्टुडिओंकडे मागणी केली. जे नट-नट्या अशा भूमिका करीत होते त्यांच्यावरही टीकेचा रोख होता आणि त्यात हॅटीचे नाव ठळक होते.

हॅटी दुखावली गेली. मोलकरणीचे सोंग केले तर आठवड्याला शेकडो डॉलर मिळतात, खरीखुरी मोलकरीण झाले तर सात, अशा अर्थाचे तिचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्यात विनोद आहे, पण त्यामागे मंदीत टॉवेल दिलेल्या बाईचा अनुभव आहे. त्याच सुमारास लीना हॉर्न ही तरुण गायिका, मोलकरणीची भूमिका करणार नाही अशा अटीवर हॉलिवूडमध्ये आली. आपले काम जाईल या भीतीने काही जुने काळे कलावंत तिच्यावर रागावले. हॅटीने मात्र तिला घरी बोलावले, मायेने जवळ घेतले आणि आपण ही कामे का करतो ते समजावून सांगितले. लीनाने ही आठवण पुढे कृतज्ञतेने सांगितली.

त्याच १९४२ साली 'इन धिस अवर लाइफ' हा चित्रपट आला. त्यातही हॅटी मोलकरीणच आहे. पण तिचा मुलगा वकिलीचे शिक्षण घेत असतो आणि एका गोऱ्या बाईच्या मोटारीने केलेल्या अपघाताचा आळ त्याच्यावर येतो. काळ्या मुलाचे म्हणणे पोलीस ऐकणार नाहीत, हे आई ज्या शांत आवाजात सांगते तो प्रसंग पाहिला म्हणजे चांगले लिखाण मिळाले असते तर ही बाई काय करू शकली असती याची कल्पना येते.

मग चूक कोणाची? आमच्या मते वॉल्टर व्हाइट यांचे म्हणणे बरोबर होते. पडद्यावर रोज नोकरच दिसला तर गोऱ्यांना तेच खरे वाटते आणि आपल्या मुलांनाही तेच आपले भवितव्य वाटू लागते. पण हॅटीचे दुखणेही खरे होते. ज्या इमारतीला तुमच्यासाठी एकच दार ठेवले आहे आणि तेही मागच्या बाजूचे, तिथे त्या दाराने आत गेलेल्या माणसाला दोष देऊन भागत नाही. दोष दार बांधणाऱ्याचा. घरकाम करणाऱ्या बाईची प्रतिष्ठा कमी नाही. कमीपणा आहे तो, तुम्ही त्याशिवाय काहीच होऊ शकत नाही असे सांगणाऱ्या व्यवस्थेत.

हार्वर्ड रस्त्यावरील घर

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. सिनेमाच्या कमाईतून हॅटीने लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागात, साउथ हार्वर्ड बुलेव्हार्ड या रस्त्यावर सतरा खोल्यांचे दुमजली घर घेतले. पडद्यावर जिला कधी घर नव्हते ती खऱ्या आयुष्यात घरमालकीण झाली. एथेल वॉटर्स आणि लुईझ बीव्हर्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीही त्याच भागात राहायला आल्या. डॉक्टर, व्यापारी अशी इतर काळी कुटुंबेही आली. या वस्तीला लोक 'शुगर हिल' म्हणू लागले.

परंतु त्या काळी अमेरिकेत अनेक वस्त्यांच्या खरेदीखतात एक अट लिहिलेली असे: ही मालमत्ता काळ्या माणसाला विकता येणार नाही, त्याला इथे राहता येणार नाही. कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहिलेली अस्पृश्यताच ती! या अटीवर बोट ठेवून काही गोऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला आणि काळ्या रहिवाशांना घराबाहेर काढण्याची मागणी केली.

हॅटी घर सोडून गेली नाही. शेजारच्या काळ्या कुटुंबांना एकत्र करण्यात तिने पुढाकार घेतला. लोरेन मिलर या कृष्णवर्णीय वकिलांनी बाजू मांडली. त्यांचा मुद्दा असा की, अमेरिकेच्या संविधानाची चौदावी दुरुस्ती १८६८ सालची आहे आणि ती सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देते. मग वर्णभेदाच्या अटीची अंमलबजावणी न्यायालयाने का करावी? न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी जाऊन ती वस्ती स्वतः पाहिली. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी निकाल दिला: दावा फेटाळला! चौदाव्या दुरुस्तीने दिलेले हक्क काळ्यांना पूर्णपणे मिळण्याची वेळ आली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हेच लोरेन मिलर पुढे थर्गुड मार्शल यांच्यासोबत अशाच खटल्यांत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वर्णभेदाच्या अशा अटींची अंमलबजावणी कोणतेही न्यायालय करू शकत नाही. घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यावर देशव्यापी कायद्याने बंदी आली ती १९६८ साली. या लांबच्या वाटेवरचा सुरुवातीचा एक दगड 'मॅमी' म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईने आणि तिच्या शेजाऱ्यांनी ठेवला होता.

रेडिओ, टेलिव्हिजन आणि अखेर

युद्धकाळात काळ्या सैनिकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या कलावंतांच्या समितीचे नेतृत्व हॅटीने केले. सैन्यातही काळ्यांच्या पलटणी वेगळ्याच होत्या. १९४७ मध्ये तिला रेडिओवरील 'ब्यूला' या कार्यक्रमाची मुख्य भूमिका मिळाली. हीही मोलकरीणच. गंमत अशी की तोपर्यंत या काळ्या बाईचा आवाज गोरे पुरुष काढीत होते! हॅटीने करारातच अट घातली की मोडकीतोडकी, हास्यास्पद बोली आपण बोलणार नाही. रेडिओवरील विनोदी मालिकेत मुख्य भूमिका करणारी ती अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय स्त्री मानली जाते. १९५१ मध्ये टेलिव्हिजनवरील 'ब्यूला'ही तिच्याकडे आली. पण सहा भाग चित्रित झाले आणि आजाराने तिला गाठले. स्तनाचा कर्करोग होता. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तिचे निधन झाले. चार लग्ने झाली होती, मूलबाळ नव्हते.

मृत्युपत्रात तिने इच्छा लिहिली होती. पांढरी शवपेटी, केसांत पांढरी गार्डेनियाची फुले आणि हॉलिवूडच्या दफनभूमीत जागा, जिथे सिनेमातील मोठी माणसे विसावली होती. दफनभूमीने नकार दिला. तिथे फक्त गोऱ्यांनाच जागा होती. ज्यांना तिने वीस वर्षे हसवले, रडवले, त्यांच्या शेजारी मेल्यावरही तिला झोपता आले नाही. शेवटी रोझडेल दफनभूमीत तिला माती देण्यात आली. तिथे सर्व वर्णांच्या लोकांना जागा मिळत असे.

मागे राहिलेला हिशेबही वाचण्यासारखा आहे. तिची मालमत्ता दहा हजार डॉलरहूनही कमी भरली आणि करखात्याचे मागणे अकरा हजारांवर होते. जमेपेक्षा नावे जास्त! ऑस्करची पाटी तिने कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाला देऊ केली होती. ती तिथे पोहोचली, पण काही वर्षांनी नाहीशी झाली, ती पुन्हा सापडली नाही.

उशिरा आलेली जाग

१९९९ साली हॉलिवूडच्या त्या दफनभूमीच्या नव्या मालकाने तिला तिथे आणण्याची तयारी दाखवली. नातेवाइकांनी समाधी हलवू दिली नाही, तेव्हा तळ्याकाठी तिचे स्मारक उभारण्यात आले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. २०१० मध्ये मोनिक या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला तेच सहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा ती केसांत गार्डेनिया माळून आली आणि मंचावरून तिने हॅटीचे आभार मानले. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड याच्या हत्येनंतर अमेरिका ढवळून निघाली. त्या वेळी 'गॉन विथ द विंड' एका स्ट्रीमिंग सेवेने काही काळ मागे घेतला आणि गुलामगिरीबद्दलचे त्यातील असत्य समजावून देणारी प्रस्तावना जोडूनच पुन्हा दाखवला. आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी अकादमीने हरवलेल्या पाटीच्या जागी नवी पाटी हॉवर्ड विद्यापीठाला दिली. समारंभ झाला, भाषणे झाली. हॅटीला जाऊन जवळजवळ एकाहत्तर वर्षे झाली होती.

वाचकहो, तो जुना सिनेमा कधी टीव्हीवर लागला तर घरातील मुलामुलींना घेऊन जरूर पाहा. मॅमी आली की त्यांना सांगा, हिला या गोष्टीत नाव दिलेले नाही, पण ही करणारीचे नाव हॅटी मॅकडॅनियल आहे. आणि पुढेही सांगा की हिला हॉटेलात भिंतीलगत बसवले तेव्हा ती एकटी होती, म्हणून तिथे बसली. घरातून काढू लागले तेव्हा तिने शेजारी गोळा केले, वकील गाठला, संविधानातील कलम पुढे केले आणि ती जिंकली. मुलांनी यातला दुसरा भाग लक्षात ठेवला तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.